न निवडलेल्या बहिणी

या मे महिन्यात, २०२५ च्या वसंत सत्राअखेर, मी अमेरिकेच्या मध्यपश्चिमेतील एका मोठ्या सरकारी विद्यापीठातून संख्याशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडले आणि त्याच सुमारास, चार वर्षे मी ज्या सोरॉरिटीत, म्हणजे निवडून घेतलेल्या विद्यार्थिनींच्या संघटनेत, होते तिथले माझे विद्यार्थिदशेतील सदस्यत्वही संपले. शिकागोच्या आसपास राहणाऱ्या आमच्या ओळखीच्या मराठी कुटुंबांत सोरॉरिटीविषयी साधारण दोन मते ऐकायला मिळतात. एक, ते श्रीमंत गोऱ्या मुलींचे नटण्यामुरडण्याचे आणि पार्ट्यांचे मंडळ आहे. दुसरे, पुढे नोकरीसाठी ओळखी उपयोगी पडाव्यात म्हणून केलेली ती सोय आहे. दोन्हींत तथ्य आहे, पण ही संस्था आतून चालते कशी, हे दोन्हींतून कळत नाही. मी आधी निवडली गेले, मग इतरांना निवडणाऱ्यांत बसले आणि एक वर्ष तिचे हिशेबही सांभाळले, म्हणून हे लिहायला घेतले. संस्थेचे आणि विद्यापीठाचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे ज्या गोष्टी येणार आहेत त्यांत माझ्यासोबत राहिलेल्या मुलींच्या पैशांच्या अडचणी आहेत आणि बंद दाराआड झालेल्या चर्चाही आहेत.

ज्यांना ही व्यवस्था मुळीच परिचित नाही त्यांच्यासाठी थोडी पूर्वपीठिका देते. ग्रीक अक्षरांची नावे घेणाऱ्या विद्यार्थी-संघटनांची परंपरा अमेरिकेत १७७६ साली व्हर्जिनियातील विल्यम अँड मेरी महाविद्यालयात स्थापन झालेल्या फाय बीटा कॅपापासून मोजतात. पुढे पुरुषांच्या फ्रॅटर्निटी वाढत गेल्या, पण मुलींना त्यांत जागा नव्हती. १८५१ साली जॉर्जियातील मेकन येथे, वेस्लियन फीमेल कॉलेजात, अ‍ॅडेल्फियन सोसायटी निघाली. तिचेच पुढे अल्फा डेल्टा पाय झाले. आमच्या इलिनॉय राज्यातील मॉनमाउथ कॉलेजात १८६७ साली बारा विद्यार्थिनींनी जी संस्था काढली ती आज पाय बीटा फाय म्हणून ओळखली जाते. १८७० साली इंडियानात कॅपा अल्फा थीटा स्थापन करणाऱ्यांपैकी बेटी लॉक यांच्याविषयी अशी आख्यायिका आहे की, एका फ्रॅटर्निटीने त्यांना आपला बिल्ला मिरवायला देऊ केला, सदस्यत्व मात्र देऊ केले नाही, तेव्हा त्यांनी स्वतःचीच संस्था काढायचे ठरवले. वर्गात मूठभर मुली आणि त्यांच्या तिथे असण्यालाच अनेकांचा विरोध, अशा काळात एकमेकींना धरून राहण्यासाठी या संस्था निघाल्या होत्या. १९०२ साली अशा काही संस्थांनी शिकागोत एकत्र येऊन एक परिषद स्थापन केली. नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्स या नावाने ती आजही चालते, तिच्यात २६ सोरॉरिटी आहेत, आणि विद्यापीठांत मुलींची भरती कोणत्या नियमांनी व्हावी हे मुख्यतः तीच ठरवते. आमची संस्था या २६ पैकी एक.

मी आठवीपर्यंत साताऱ्यात मराठी शाळेत शिकले आणि मग बाबांच्या नोकरीमुळे आम्ही शिकागोजवळच्या नेपरव्हिलला आलो. माध्यमिक शाळेची शेवटची दीड वर्षे कोविडमुळे बहुतांशी पडद्यासमोर गेली. त्यामुळे ऑगस्ट २०२१ मध्ये वसतिगृहात सामान टाकले तेव्हा समोर बसलेल्या अनोळखी माणसाशी बोलायला सुरुवात कशी करायची, याचीच सवय मोडलेली होती. त्याच महिन्यात अलाबामा विद्यापीठातील सोरॉरिटी-भरतीला निघालेल्या मुलींच्या, आपले कपडे दाखवणाऱ्या चित्रफिती टिकटॉकवर जिकडेतिकडे पाहिल्या जात होत्या आणि आमच्या मजल्यावरही रोज रात्री त्यांचीच चर्चा होई. माझ्या खोलीतील मुलीने नाव नोंदवले, म्हणून मीही नोंदवले. याहून उदात्त कारण माझ्यापाशी नव्हते. आईने फोनवर एकच प्रश्न विचारला: "मैत्रिणी काय पैसे देऊन मिळतात?" बाबांनी शुल्काचा आकडा विचारला आणि पहिल्या सत्रापुरते देतो, पुढचे तुझे तू बघ, असे सांगितले.

भरतीच्या चार फेऱ्या असतात. पहिलीत सगळ्या घरांना, म्हणजे विद्यापीठातील एकेका सोरॉरिटीला, भेटायचे असते. त्या वर्षी कोविडमुळे ती झूमवर झाली, म्हणजे खोलीतील दिव्याकडे तोंड करून बसायचे आणि ठरावीक मिनिटांनी नव्या चौकटीतील नव्या मुलींना तेच नाव, तेच गाव, तोच विषय सांगायचा. दुसऱ्या फेरीपासून आम्ही मास्क लावून प्रत्यक्ष घरांत गेलो. दुसरीत प्रत्येक संस्था आपण कोणत्या समाजकार्यासाठी निधी जमवतो ते सांगते, तिसरीत घर दाखवते आणि आपापसांतील जिव्हाळ्याविषयी बोलते, आणि प्रेफरन्स नावाची चौथी फेरी आमच्याकडे जास्तीत जास्त दोनच घरांत होते. प्रत्येक फेरीनंतर मुलगी आपल्या पसंतीचा क्रम संगणकात भरते, घरेही आपापल्या याद्या भरतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हातात येते ते पुढच्या भेटींचे वेळापत्रक. ज्या घराचे नाव त्यात नाही त्याने तुम्हांला नाकारले, एवढेच कळते. का, ते कधीच कळत नाही. ही सगळी हकीकत मी साताऱ्याला आजीला व्हिडिओ कॉलवर सांगितली तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे मुलगी दाखवायचाच कार्यक्रम की गं हा. फक्त पोहे त्यांनी करायचे."

आजीचे म्हणणे किती अचूक होते, ते दार उघडल्यावर समजते. आम्ही दहा-बाराजणी पायवाटेवर नावाच्या क्रमाने उभ्या असायचो. ठरलेल्या मिनिटाला दार उघडे आणि आतल्या जिन्यावर दाटीने उभ्या असलेल्या शंभरएक मुली टाळ्यांच्या ठेक्यावर एका सुरात गाऊ लागत. त्यांतली एक पुढे येऊन तुमचे नाव घेऊन तुम्हांला आत नेते. माझे जोडाक्षरी नाव अनेकींनी चुकीचे उच्चारले, पण त्याचा सराव करून आलेल्या दोघी-तिघीही होत्या, आणि तो सराव त्यांना मुद्दाम करवून घेतलेला असतो हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. बोलण्याचे विषयही आखलेले असतात; मुलगे, मद्य, धर्म, पैसा आणि राजकारण या पाच गोष्टी वर्ज्य. त्या वगळल्या की अठरा वर्षांच्या दोन मुलींपाशी कुत्रा, मूळ गाव आणि वसतिगृहाचे जेवण एवढेच उरते. बोलणे जरा रंगात आले की दुसरी मुलगी हलकेच येऊन पहिलीच्या कोपराला स्पर्श करते, पहिली तुमची ओळख करून देते आणि निघून जाते. कोणामागून कोणी यायचे याचा तक्ता आतल्या खोलीच्या भिंतीवर चिकटवलेला असतो. पुढल्या वर्षी तसा तक्ता लावायला मीच मदत केली.

प्रेफरन्सच्या संध्याकाळी मेणबत्त्या असतात, दिवे मंद असतात आणि शेवटच्या वर्षातील एखादी मुलगी कागदावरून भाषण वाचता वाचता रडते. मला त्या रडण्याचा संशय आला होता. आता, स्वतः शेवटच्या वर्षाला पोचल्यावर, ते बव्हंशी खरे असते असे माझे मत झाले आहे, मात्र ते भाषण गेल्या वर्षीच्या भाषणावर बेतलेले असते हेही खरे. त्या भेटी संपल्या की तिथूनच एका सभागृहात जाऊन करारपत्र भरायचे असते. त्यात लिहिलेल्या घरांपैकी कोणी बोलावले आणि तुम्ही नकार दिला, तर पुढील मुख्य भरतीपर्यंत त्या विद्यापीठातील परिषदेच्या कोणत्याही सोरॉरिटीत तुम्हांला जाता येत नाही. कराराचा हा भाग बहुतेक मुली न वाचता सही करतात. मी दोन्ही घरे लिहिली आणि दुसऱ्या क्रमांकाच्या घराचे निमंत्रण आले. माझ्या खोलीतील मुलीला तिसऱ्या फेरीनंतर एकाही घराने बोलावले नाही. तिने त्या दिवशी दुपारीच बॅग भरली आणि दोन रात्री घरी राहून आली. आम्ही आजही बोलतो, पण त्या आठवड्याविषयी कधी बोलत नाही.

ह्यूस्टनच्या माझ्या मावसबहिणीने तेव्हा विचारले होते की, आपल्या मुलींची सोरॉरिटी सोडून तू तिकडे कशाला गेलीस. तिचा प्रश्न रास्त होता. दक्षिण आशियाई विद्यार्थिनींच्या तीन मोठ्या सोरॉरिटी १९९८ या एकाच वर्षी निघाल्या: ह्यूस्टनमध्ये डेल्टा फाय ओमेगा, ऑस्टिनमध्ये कॅपा फाय गॅमा आणि न्यू यॉर्कमध्ये सिग्मा सिग्मा रो. कृष्णवर्णीय विद्यार्थिनींनी तर १९०८ सालीच वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात अल्फा कॅपा अल्फा स्थापन केली होती. कमला हॅरिस या तिच्याच सदस्य. या संस्था का काढाव्या लागल्या याचे उत्तर जुन्या संस्थांच्या वागणुकीत आहे, आणि ती वागणूक फार जुनी झाली असेही नाही. २०१३ साली अलाबामा विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्राने उघड केले की, उत्तम गुण असलेल्या एका कृष्णवर्णीय मुलीला काही सोरॉरिटींनी माजी सदस्यांच्या दबावाखाली नाकारले होते, आणि त्यानंतर विद्यापीठाला सोरॉरिटींचे प्रवेश पुन्हा खुले करावे लागले. हे मला नोंदणीच्या वेळी माहीत नव्हते. मावसबहिणीला मी सांगितले ते एवढेच की, घरी गणपती, मंडळ, रविवारची मराठी शाळा हे सगळे आहेच, विद्यापीठात वेगळ्या माणसांत राहून पाहू. संस्थेच्या आमच्या विद्यापीठातील शाखेत त्या वर्षी आशियाई वंशाच्या मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. त्यामुळे माहितीपत्रकातील छायाचित्रांत माझी वर्णी फारच नियमाने लागत असे.

नव्या सदस्यांचा काळ काही आठवड्यांचा असतो. त्यात संस्थेचा इतिहास, संस्थापिकांची नावे आणि ग्रीक मुळाक्षरे पाठ करून परीक्षा द्यायची, एक 'बिग' म्हणजे थोरली बहीण मिळवायची आणि शेवटी दीक्षाविधी. विधी गुप्त असतो आणि मी तो सांगणार नाही. जिज्ञासूंनी फार अपेक्षा ठेवू नये, त्यात पाठांतर पुष्कळ आहे. मराठी पालक मला हमखास विचारतात ते रॅगिंगविषयी. आमच्या शाखेत शारीरिक छळाचा प्रकार मी पाहिला नाही. सक्तीच्या कार्यक्रमांची भरमार मात्र होती आणि गैरहजेरीला दंड होता. पण यावरून सगळीकडे आलबेल आहे असे मी म्हणणार नाही. २०१७ साली पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात टिमथी पियाझा हा विद्यार्थी फ्रॅटर्निटीच्या नवागतांच्या रात्री पाजलेल्या दारूनंतर जिन्यावरून पडला आणि मरण पावला. डिसेंबर २०२४ मध्ये, मी शेवटच्या वर्षाला असताना, अशा छळाच्या घटना विद्यापीठांनी नोंदवून जाहीर केल्याच पाहिजेत असा कायदा देशभरासाठी झाला. तो येईपर्यंत ही माहिती कोणी द्यायची, किती द्यायची, हे राज्याराज्यांवर आणि विद्यापीठांच्या मर्जीवर अवलंबून होते, हे मला आजही विलक्षण वाटते.

दारूचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. परिषदेच्या सोरॉरिटींच्या घरांत दारू चालत नाही. नियम ऐकायला सोज्ज्वळ वाटतो, पण त्याचा परिणाम असा होतो की पार्ट्या फ्रॅटर्निटींच्या घरांत होतात. दार त्यांचे, पेय त्यांचे, कोणाला आत घ्यायचे हे ठरवणारा दारावरचा मुलगाही त्यांचाच. मुली पाहुण्या म्हणून जातात आणि पाहुण्यांच्या हाती काहीच नसते. आमच्याकडे म्हणून 'शुद्धीत राहणाऱ्या बहिणी' नेमण्याची पद्धत होती. दर पार्टीला काही मुली दारू न पिता, फोनवर सर्वांची यादी घेऊन दाराजवळ उभ्या राहत आणि शेवटची मुलगी बाहेर पडल्याशिवाय हलत नसत. मी पीत नसल्यामुळे हे काम माझ्याकडे जरा जास्तच आले. सोरॉरिटींच्या घरी पार्ट्या का होत नाहीत, याचे कारण म्हणून दरवर्षी कोणीतरी नव्या मुलींना असा जुना कायदा सांगते की, अमुक संख्येहून अधिक स्त्रिया एका घरात राहिल्या तर ते कुंटणखाना ठरते. असा कायदा नाही. ती निव्वळ दंतकथा आहे, पण तिला मरण नाही.

दुसऱ्या वर्षी घरात राहणे आम्हांला बंधनकारक होते. हे घर म्हणजे विटांची तीन मजली जुनी इमारत; तळघरात भोजनगृह, मधल्या मजल्यांवर अभ्यासाच्या आणि कपड्यांच्या खोल्या, आणि सर्वांत वर आमची झोपण्याची एकच सामाईक खोली. मध्यपश्चिमेतील जुन्या घरांत तिला 'कोल्ड डॉर्म' म्हणतात. तिथे भिंतीपासून भिंतीपर्यंत दुमजली पलंगांच्या रांगा असतात, दिवा कधीच लावायचा नसतो, बोलायचे नसते आणि खिडक्या हिवाळ्यातही थोड्या उघड्या ठेवलेल्या असतात. गजर लावायचा तर फोन थरथरणारा ठेवून उशीखाली घ्यायचा. पहिल्या रात्री मी दोन पायमोजे, कानटोपी आणि आईने दिलेली शाल गुंडाळून झोपले आणि आयुष्यातील सर्वांत गाढ झोप मला त्या खोलीत लागली. आईला ते छायाचित्र पाठवले तेव्हा तिने फक्त, "यासाठी पैसे भरतो का आपण?" एवढेच लिहिले.

तिचा प्रश्न मला पुढे वर्षभर पुरला, कारण तिसऱ्या वर्षी मी शाखेची कोषाध्यक्ष झाले. निवडणुकीत माझ्याविरुद्ध कोणी उभे नव्हते; भारतीय मुलीला आकडे येतातच, या समजुतीचा तेवढ्यापुरता मला लाभ झाला. घरात न राहणाऱ्या मुलीला आमच्याकडे सत्राला सातशे-आठशे डॉलर पडत, राहणारीला भोजन-निवासासह त्याच्या कित्येक पट. त्यातला एक हिस्सा संस्थेच्या राष्ट्रीय कार्यालयाकडे जातो, एक विम्याला, एक विद्यापीठाच्या परिषदेला, आणि उरलेल्यात स्वयंपाकीण, घराची देखभाल आणि सगळे कार्यक्रम भागवायचे. इमारत आमची नसते. ती माजी सदस्यांनी स्थापन केलेल्या वेगळ्या कंपनीच्या मालकीची असते आणि शाखा तिला भाडे देते. हे सर्व मांडल्यावर मला दिसले की टी-शर्टांवर होणारा खर्च समाजकार्यासाठी होणाऱ्या आमच्या स्वतःच्या खर्चाहून जास्त होता. हे मी सभेत सांगितले. सभेने आकडे शांतपणे ऐकले आणि पुढच्या कार्यक्रमाच्या टी-शर्टाचा रंग मताला टाकला.

कोषाध्यक्षाला जे दिसते ते इतर कोणाला दिसत नाही: कोणाचे पैसे थकले आहेत. आमच्यात एक मुलगी विद्यापीठाच्या भोजनगृहात पहाटेची पाळी करून शिकत होती. तिने हप्ते मागितले, नियमाप्रमाणे तीन हप्ते करून दिले, दुसरा चुकला. थकबाकी राहिली की मतदानाचा हक्क जातो, वार्षिक नृत्यसमारंभाला जाता येत नाही, आणि ही बातमी सदस्याला कळवणारे पत्र कोषाध्यक्षाच्या सहीने निघते. राष्ट्रीय कार्यालयाकडे सवलतीसाठी केलेला अर्ज महिनाभर फिरत राहिला आणि शेवटी जी मदत आली ती एका सत्रापुरती होती. संस्थेचा बिल्ला ही संस्थेची मालमत्ता असते. सदस्यत्व सोडताना तो परत करावा लागतो. तिने तो एका पांढऱ्या पाकिटात घालून, पाकिटावर स्वतःचा सदस्य क्रमांक नीट लिहून माझ्या टेबलावर ठेवला. सोरॉरिटी कोणाला नाकारते याची चर्चा नेहमी भरतीच्या आठवड्याविषयी होते. खरी गळती त्यानंतर, दर सत्राच्या बिलात होते आणि तिच्यासाठी जिन्यावर उभे राहून कोणी गात नाही.

भरतीची दुसरी बाजूही मी याच काळात पाहिली. शाळा सुरू होण्याआधी आठवडाभर सगळ्या सदस्यांनी परत येऊन संवादाचा, गाण्याचा, दाराशी उभे राहण्याचा सराव करायचा असतो. प्रत्यक्ष भेटीनंतर प्रत्येकीने आपल्याला भेटलेल्या मुलींना फोनमधील अ‍ॅपवर गुण द्यायचे आणि एखादे वाक्य लिहायचे. संख्याशास्त्र शिकत असल्यामुळे त्या गुणांकडे मी जरा जास्तच बारकाईने पाहिले. संध्याकाळच्या शेवटच्या गटातील मुलींना सकाळच्या गटांहून सातत्याने कमी गुण मिळत, कारण गुण देणाऱ्या थकलेल्या असत. कोणत्या घराने किती मुलींना पुढच्या फेरीसाठी बोलवायचे हा आकडा परिषदेची पद्धत ठरवते. ज्या घराकडे मुली जास्त ओढल्या जातात त्याला जास्त मुली लवकर सोडाव्या लागतात, म्हणजे त्यांना इतरत्र जाण्याची संधी राहते. पद्धत म्हणून ती समंजस आहे, पण रात्री बारा वाजता भोजनगृहात बसून ठरावीक संख्येने नावे खोडायची वेळ येते तेव्हा समंजसपणा फारसा जाणवत नाही. तिथे मी एका अबोल तेलुगू मुलीसाठी बराच वेळ भांडले. तिच्याबद्दल "गोड आहे, पण बोलत नाही" असे चौघींनी लिहिले होते आणि ती ज्या वेळी आली ती वेळ मला ठाऊक होती. तिला पुढच्या फेरीला बोलावले गेले. तिने आम्हांला शेवटचा क्रमांक दिला आणि दुसऱ्या घरात गेली. पुढे ती मला संभाव्यतेच्या वर्गात भेटली तेव्हा आमचे घर तिला 'फार गोंगाटाचे' वाटले होते असे तिने सांगितले, आणि ते अगदी बरोबर होते.

आता ज्या मुलीमुळे ही चार वर्षे मला वाया गेली असे वाटत नाही तिच्याविषयी. ती माझी बिग नव्हती आणि भरतीत आम्ही कधी एकमेकींशी बोललो नव्हतो. ती दक्षिण इलिनॉयमधील मका-सोयाबीनच्या शेतकरी घरातली, दर रविवारी चर्चला जाणारी, हिवाळ्यात वडिलांबरोबर हरणांच्या शिकारीला जाणारी. आमची राजकीय मते कुठेच जुळत नव्हती आणि शाकाहार हा तिला आजार वाटे. भरतीची उपाध्यक्ष म्हणून तिला सजावटीसाठी पैसे हवे असत आणि कोषाध्यक्ष म्हणून मला ते द्यायचे नसत, त्यामुळे आमची गाठ पडे ती भांडायलाच. त्या वर्षी जानेवारीत, सुट्टी संपून थोड्याच मुली परतलेल्या असताना, कडाक्याच्या थंडीत भोजनगृहाच्या छतातील पाण्याचा नळ फुटला. घराची व्यवस्थापिका बाई गावाला गेलेल्या होत्या. छताला लावलेल्या पांढऱ्या फरश्या एकामागून एक भिजून खाली पडत होत्या आणि आम्ही बाकीच्या मुली बादल्या शोधत होतो, तेव्हा ही मुलगी कोणाला काही न विचारता बॉयलरच्या खोलीत गेली, भिंतीवरचे नळ हाताने चाचपत मुख्य व्हॉल्व्ह शोधला आणि पाना लावून तो बंद केला. शेतावर हिवाळ्यात हे दरवर्षी करावे लागते, असे ती नंतर म्हणाली. उरलेली रात्र आम्ही दोघी ओल्या खुर्च्या बाजूला करून बसलो. तिने प्लंबरला फोन लावले, मी विमा कंपनीची कलमे मोठ्याने वाचली आणि कोणता खर्च शाखेचा, कोणता इमारतीच्या कंपनीचा, याची यादी केली. पहाटे तिने माझ्यासाठी अंड्याविना पॅनकेक करून पाहिले. ते वाईट झाले होते.

त्यानंतर आमची मते जुळली असे नाही. नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीनंतर आम्ही आठवडाभर एकमेकींशी फक्त बिलांविषयी बोललो. पण बिले होतीच, त्यामुळे बोलावे लागले. मैत्रिणी म्हणून मी स्वतः निवडल्या असत्या त्या मुलींशी मतभेद झाला असता तर मी फोन उचलणे बंद केले असते. इथे तशी सोय नव्हती, कारण शुक्रवारी स्वयंपाकिणीचा पगार द्यायचा होता आणि धनादेशावर दोन सह्या लागत. निवडीचा एवढा सोपस्कार करून ही संस्था मुलींच्या पदरात जे टाकते त्यातला सर्वांत टिकाऊ भाग निवडीने आलेला नसतो, असे माझे मत आहे. माहितीपत्रकात ज्याला जन्मभराची मैत्री म्हणतात ती माझ्या वाट्याला फारशी आली नाही. न आवडणाऱ्या माणसांबरोबर एक इमारत, एक स्वयंपाकघर आणि एक बँक खाते चालवण्याची सवय मात्र आली. त्यासाठी इतका पैसा आणि इतके गाळणे आवश्यक आहे का, या प्रश्नाचे माझे उत्तर नाही असे आहे. विद्यार्थ्यांच्या सहकारी तत्त्वावरील निवासांत हेच काम पुष्कळ स्वस्तात आणि कोणालाही न गाळता होते. तिथे राहणाऱ्या माझ्या वर्गमैत्रिणीला मी हे बोलून दाखवले, तेव्हा भांडी घासण्याच्या पाळ्यांवरून त्यांच्यात काय चालते ते तिने मला ऐकवले.

एप्रिलच्या शेवटच्या सभेत पदवी घेणाऱ्या मुलींचा छोटा विधी झाला आणि आम्ही माजी सदस्य झालो. पदवीदानाला आई-बाबा आले. आजीला व्हिसा मिळाला नाही, तिने साताऱ्याहून पाहिले. संस्थेची अक्षरे असलेला पट्टा गाऊनवर घालायचा की नाही, यावर मी थोडा विचार केला आणि घातला. तो आधीच विकत घेतलेला होता आणि त्याची पावती कोणत्या खात्यात टाकली होती तेही मला आठवत होते. शेतकऱ्याच्या मुलीच्या वडिलांनी माझ्या बाबांना सोयाबीनचा भाव सांगितला आणि बाबांनी त्यांना साताऱ्याकडच्या सोयाबीनविषयी इतके सविस्तर सांगितले की जेवायला उशीर झाला.

माझी धाकटी चुलतबहीण या ऑगस्टमध्ये पर्ड्यू विद्यापीठात जाते आहे आणि भरतीला नाव नोंदवू का, असे तिने विचारले आहे. तिला मी लिहिले की, सुंदर दिसणारे घर पाहू नकोस; प्रत्येक घरात विचार की सत्राचे एकूण शुल्क किती, पहिल्या वर्षाचे जादा आकार कोणते, घरात किती वर्षे राहावे लागेल, हप्ता चुकला तर काय होते आणि मधेच सोडले तर किती पैसे परत मिळतात. पैशाविषयी बोलायचे नाही हा नियम घरातील मुलींना लागू असतो. विचारणाऱ्या मुलीला नाही. तिचे उत्तर यायचे आहे.

मागील आठवड्यात दोन पत्रे आली. एक राष्ट्रीय कार्यालयाचे, माजी सदस्यांच्या वार्षिक वर्गणीचे. ती मी अजून भरलेली नाही. दुसरे इमारतीच्या कंपनीचे, भोजनगृहावरील जुने नळ बदलण्यासाठी निधी मागणारे. त्याला मी पन्नास डॉलर पाठवले, कारण प्लंबरने त्या कामाचा जो अंदाज दिला होता तो मीच टंकलेला आहे आणि त्यातला एकही आकडा फुगवलेला नाही.